मिश्र शेती आणि रीवाइल्डिंग: ससेक्समधील दोन जहागिरी

इंग्लंडच्या वेस्ट ससेक्समध्ये आरुंडेलजवळ नॉरफोकच्या ड्यूकची जहागीर आहे आणि त्याच काउंटीत उत्तरेकडे नेपची जहागीर आहे. दोन्हीकडे गुरे चरतात, झुडपांची दाट कुंपणे दिसतात आणि पक्ष्यांची संख्या वाढली आहे, त्यामुळे दोन्हींना सरसकट ‘निसर्गस्नेही शेती’ म्हटले जाते. प्रत्यक्षात एकीने नांगर चालू ठेवून वन्यजीव राखले, तर दुसरीने नांगरच बाजूला ठेवून रीवाइल्डिंग, म्हणजे जमीन पुन्हा निसर्गाच्या हाती सोपवण्याचा मार्ग, धरला.

आरुंडेलच्या चुनखडीच्या टेकड्यांवर सगळा खटाटोप राखी पार्ट्रिजसाठी आहे. हा पक्षी आपल्या तित्तराचा नातलग असला तरी जात वेगळी. याच टेकड्यांवर 1968 पासून चाललेल्या जीवशास्त्रज्ञ डिक पॉट्स यांच्या अभ्यासातून असे दिसले की तणनाशकाने तण गेले, तणावरचे किडे गेले आणि जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे जवळजवळ किड्यांवरच जगणारी पिल्ले उपाशी मेली. म्हणून येथे मोठी शेते लहान केली, पिकांची फेरपालट आणली आणि, आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात त्याच धर्तीवर, खतासाठी शेतातच मेंढ्या चारल्या. शेताच्या मधोमध माती चढवून गवताचे बांध घातले. हिवाळा त्या गवतात काढलेले भुंगेरे वसंतात पिकात उतरतात आणि मावा खातात. विणीच्या काळात कोल्हे व कावळे यांना आवर घालायला रखवालदार असतात. या साऱ्यामागे शिकारीचा शौक आहे, हेही सांगितले पाहिजे.

नेपची जमीन मात्र जड चिकणमातीची. तेथे जहागिरीचे मालक चार्ली बरेल यांची आधुनिक शेती वर्षानुवर्षे तोट्यात गेल्यावर त्यांनी 2000 च्या सुमारास दुभती जनावरे आणि अवजारे विकली आणि पुढे सुमारे 3,500 एकरांत लाँगहॉर्न गुरे, एक्समूर तट्टे, टॅमवर्थ डुकरे आणि हरणे मोकळी सोडली. कोणत्या वावरात काय उगवावे, हे येथे कोणी ठरवत नाही. डुकराने उकरलेल्या ओल्या मातीत वाळुंजाच्या कुळातील सॅलो रुजते आणि त्याच्या पानांवर पर्पल एम्परर हे दुर्मीळ फुलपाखरू अंडी घालते. काटेरी ब्लॅकथॉर्नच्या जाळीत ओकचे रोप जनावरांच्या तोंडातून वाचते. आसपासच्या शेतकऱ्यांना हे निव्वळ पडीक रान वाटले आणि त्यांनी तक्रारीही केल्या. आपल्या गावातही हेच झाले असते.

तरी ‘मोकळे सोडले’ याचा अर्थ हात झटकले असा नाही. ब्रिटनमध्ये लांडगा उरलेला नसल्याने गुरांची संख्या माणसालाच मर्यादेत ठेवावी लागते, नाहीतर कोवळी झुडपे साफ होतील. कमी केलेल्या जनावरांचे मांस विकले जाते, आणि एवढ्यापुरती नेपमध्येही शेती चालूच आहे; फरक इतकाच की तेथे पेरणी नाही.