शंभर रुपयांची पाणसळ

घरी येऊन सूर्यास्ताचा फोटो मोठा करून पाहावा, तर अख्खा अरबी समुद्र डावीकडे सांडत असतो. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवायचा छोटा पारदर्शक ठोकळा, ज्यात हिरवट द्रवात बुडबुडा तरंगतो, म्हणजेच पाणसळ, घ्यावा का, हा प्रश्न बहुतेकांना अशा फोटोनंतरच पडतो. त्यावर दोन ठाम उत्तरं मिळतात. पहिलं, "नंतर संगणकावर सरळ करता येतं, पैसे कशाला घालवायचे?" दुसरं, "कॅमेऱ्यातच लेव्हल असते, बुडबुड्याचे दिवस गेले." दोन्ही अर्धवट खरी आहेत.

आधी संगणकाचं पाहू. फोटो फिरवला की चारही कोपरे रिकामे होतात आणि कडा कापाव्या लागतात. ३:२ आकाराचा फोटो १° फिरवून त्याच आकारात कापला, तर क्षेत्रफळ ५ टक्क्यांनी घटतं. २° ला जवळजवळ १० टक्के, ३° ला १४ टक्के. अर्ध्या अंशासाठी कोणी रडणार नाही. पण चौकट काठोकाठ जुळवून घेतली असेल तर ३° मध्ये कोणाची तरी पावलं जातात नाहीतर मंदिराचा कळस जातो. ६००० पिक्सेल रुंद फोटोत १° चूक म्हणजे क्षितिजाच्या दोन टोकांत १०५ पिक्सेलचा फरक. समुद्राच्या सरळ रेषेत साधारण अर्ध्या अंशापासूनच डोळ्याला काहीतरी खटकू लागतं. म्हणजे स्वस्तातल्या पाणसळीने निदान अर्ध्या अंशाच्या आत खरं सांगावं, एवढीच अपेक्षा धरायची.

ती पूर्ण होते का? त्यासाठी ठोकळ्यातल्या, बुडबुडा धरणाऱ्या नळीच्या आत पाहायला हवं.

ही नळी बाहेरून सरळ दिसते, आतून ती ढोलकीसारखी असते: मधे किंचित फुगीर, टोकांना निमुळती. तशी नसती तर तिचा काही उपयोगच नव्हता, कारण अगदी सरळ नळी केसभर कलली तरी बुडबुडा थेट टोकाला जाऊन आदळला असता. वक्र नळीत द्रव खाली बसतो आणि बुडबुड्याला कमानीच्या सर्वांत उंच जागी ढकलतो. नळी कलली की कमानीवरची ही उंच जागा बदलते आणि बुडबुडा तिच्यामागे सरकतो. किती सरकतो? कमानीची त्रिज्या गुणिले कोन, बस्स. (कोन रेडियनमध्ये, १° म्हणजे ०.०१७५ रेडियन.) त्रिज्या १०० मिलिमीटर असेल तर १° ला बुडबुडा पावणेदोन मिलिमीटर सरकेल.

पाणसळ महाग की स्वस्त, याचं बरंचसं उत्तर या त्रिज्येत आहे. सर्वेक्षणाच्या दुर्बिणीवरच्या नळीत २ मिलिमीटरची एक खूण २० विकलांची (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) असेल, तर त्या कमानीची त्रिज्या २० मीटरहून जास्त भरते. कारखान्यात लेथ बसवताना फिटर जी पाणसळ ठेवतो, तिची एक खूण मीटरमागे ०.०२ मिलिमीटर उताराची असते. तिची त्रिज्या १०० मीटर! बोटभर लांबीच्या नळीत एवढ्या मोठ्या वर्तुळाचा तुकडा घासून काढायचा, म्हणून ती महाग. कॅमेऱ्यावर अशी नळी बसवली तर ट्रायपॉडशेजारून कोणी चाललं तरी बुडबुडा थरथरेल. आपल्याला लागणारी त्रिज्या फार तर दीड-दोनशे मिलिमीटरची, आणि ती साच्यातल्या प्लास्टिकमध्येही जमते.

आत पाणी का नाही भरत? पाण्याचा पृष्ठताण अल्कोहोलच्या तिपटीहून जास्त, त्यामुळे छोट्या नळीत बुडबुडा भिंतीला चिकटून बसतो. अल्कोहोल पातळ असतं, थंडीत गोठत नाही. उष्णतेने मात्र ते चांगलंच फुगतं. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत राहिलेल्या पाणसळीचा बुडबुडा बारीक होतो, महाबळेश्वरच्या जानेवारीत लांबतो. म्हणून एका टोकाकडे बघून कधी वाचू नये. दोन्ही टोकं खुणांपासून सारख्या अंतरावर आहेत का, ते पाहावं. आणि हा ठोकळा सॅनिटायझरने पुसू नये. ॲक्रिलिकवर अल्कोहोल लागलं की बारीक तडे जातात.

मिलिमीटरचा चौथा हिस्सा डोळा सहज ओळखतो. म्हणजे शंभर रुपयांच्या बुडबुड्याची सूक्ष्मता ०.१५° च्या आसपास आहे, आपल्या गरजेच्या तिप्पट चांगली. मग तक्रारी येतात कुठून?

बुडाकडून. ठोकळा फ्लॅशच्या खाचेत, म्हणजे हॉट शूमध्ये सरकवायचा असतो. त्याच्या पायाची रुंदी सुमारे १८.६ मिलिमीटर. त्याची एक बाजू ०.१ मिलिमीटर, म्हणजे साध्या कागदाच्या जाडीएवढी, उचललेली राहिली की ०.३° चूक झालीच. दोन कागदांएवढी राहिली तर ०.६°, आणि आपली मर्यादा ओलांडली. स्वस्त ठोकळ्यांत द्रव आणि नळी बहुधा ठीक असतात; पाय ढिला असतो, किंवा नळी पायाला समांतर चिकटवलेली नसते. या दोन दोषांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नळी तिरकी असेल तर चूक दर वेळी तेवढीच येते आणि ती वजा करता येते. पाय ढिला असेल तर चूक दर वेळी वेगळी.

म्हणून घेतल्याबरोबर पहिली परीक्षा ढिलेपणाची. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवून ठोकळा पाच वेळा काढावा, पाच वेळा घालावा. बुडबुडा दर वेळी त्याच जागी थांबला तर ठेवावा. नाही थांबला तर पायावर सेलोटेपचा एक थर लावून पुन्हा पाहावं, आणि तरीही भटकला तर परत करावा. पायाची खालची बाजू धातूची असेल तर मुळीच घेऊ नये. हॉट शूतल्या विद्युतजोडण्यांवर धातू घासणं बरं नव्हे. काही कॅमेऱ्यांत ठोकळा बसलेला असताना अंगचा फ्लॅश उघडत नाही, तेव्हा कॅमेरा बिघडला असं समजू नये.

दुसरी परीक्षा गवंडी करतात तीच. बुडबुडा मधे येईल असा कॅमेरा लावावा, ठोकळा काढून मागचा भाग पुढे करून पुन्हा घालावा. बुडबुडा मधेच राहिला तर नळी पायाला समांतर आहे. सरकला तर जेवढा सरकला त्याच्या निम्मा दोष नळीचा, निम्मा कॅमेऱ्याच्या कलण्याचा.

एवढ्यावरही खाच आणि आतला फोटो टिपणारा सेन्सर एकमेकांना समांतर आहेत की नाही, हे कळत नाही. तिथे ओळंबा. दीड-दोन मीटर दोऱ्याला वजन बांधून टांगावं आणि दोरा झुलू नये म्हणून वजन पाण्याच्या बादलीत बुडवावं. बुडबुडा मधे आणून कॅमेरा आडवा धरावा आणि दोरा चौकटीच्या बरोबर मध्यावर घ्यावा, कारण मध्यातून जाणारी उभी रेषा कॅमेरा वर-खाली झुकला तरी तिरकी होत नाही आणि लेन्समुळे वाकतही नाही. फोटोत दोऱ्याचं वरचं आणि खालचं टोक किती पिक्सेल सरकलंय ते मोजावं. ४००० पिक्सेल उंचीत ७० पिक्सेल म्हणजे १°, ७ पिक्सेल म्हणजे ०.१°. मग दोरा उभा दिसेपर्यंत कॅमेरा फिरवावा आणि त्या वेळी बुडबुडा जिथे थांबेल तिथे बारीक चिकटपट्टीची खूण करावी. आता तो शंभराचा ठोकळा खरा झाला. कॅमेऱ्यातली इलेक्ट्रॉनिक लेव्हलही याच दोऱ्यावर तपासावी. तीही अर्धा अंश चुकू शकते.

डोळ्यावर विश्वास ठेवला तर काय होतं? लेहपासून सुमारे ३० किलोमीटरवरची 'मॅग्नेटिक हिल' घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली की आपोआप चढ चढते, डोंगरात चुंबक आहे, असं पर्यटकांना सांगतात. तिथे बाटलीतलं पाणी रस्त्यावर ओतलं तर तेही त्या 'चढा'कडेच वाहील, आणि पाण्याला काही चुंबक ओढत नाही. खरं क्षितिज डोंगरांनी झाकलं की आजूबाजूच्या उतारांनाच डोळा सपाट धरतो आणि हलका उतार त्याला चढ वाटतो. सह्याद्रीत फोटो वाकडे येतात तेही याचमुळे. धरणाचा समोरचा काठ आपल्यापासून तिरका जात असेल, तर कॅमेरा अगदी सरळ असूनही तो फोटोत कललेलाच दिसतो. तिथे काठ सरळ करायला जाल तर झाडं आडवी होतील.

कॅमेऱ्यातल्या लेव्हलमध्ये सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. कॅमेरा कलला की तो सरकतो, शेजारच्या पट्ट्यांमधली विद्युतधारिता बदलते, आणि त्यावरून कोन काढला जातो. १° कलण्याने त्या दिशेला गुरुत्वाच्या पावणेदोन टक्के ओढ येते. बुडबुडा आणि हा तुकडा एकाच कुळातले: गुरुत्व कुठलं आणि हिसका कुठला, हे दोघांनाही ओळखता येत नाही. एसटीचा वेग दर सेकंदाला फक्त १ मीटर प्रतिसेकंद वाढत असला तरी दोघंही जवळजवळ ६° खोटं बोलतील. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या बोटीत दोन्ही बंद करून व्ह्यूफाइंडरमधल्या जाळीची रेघ क्षितिजाला लावावी. हातात धरून फोटो काढणाऱ्याला तर ठोकळा निरुपयोगीच: डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की ठोकळा कपाळासमोर येतो. कॅमेऱ्यात लेव्हल असेल आणि ट्रायपॉड क्वचितच लागत असेल, तर शंभर रुपये वाचवा.

इमारती टिपणाऱ्यांना मात्र पुढे-मागे झुकणंही पाहावं लागतं. २४ मिलिमीटरची लेन्स फुलफ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ५° वर झुकवली तर चौकटीच्या कडेच्या भिंती पावणेचार अंश आत कलतात; ५० मिलिमीटरच्या लेन्सला हाच आकडा १.८°. म्हणून ठोकळा घ्यायचाच तर दोन दिशांच्या नळ्यांचा घ्यावा. ट्रायपॉडवरची बुडबुड्याची गोल टिकली फक्त पाय लावण्यापुरती. पायांमधलं अंतर मीटरभर असेल तर एक पाय दीड सेंटिमीटर वर-खाली केला की १° बदलतो, हे लक्षात ठेवलं तर चाचपडणं कमी होतं.

हजार-दोन हजारांपासून पुढे मिळणारा लेव्हलिंग बेस, म्हणजे ट्रायपॉड आणि हेड (कॅमेरा धरणारा वरचा भाग) यांच्यात बसणारी तीन स्क्रूंची चकती, फक्त पॅनोरमा आणि व्हिडिओसाठी. बॉलहेडने, म्हणजे गोळ्यावर कलणाऱ्या हेडने, कॅमेरा सरळ करून हेडच्या बुडाशी फिरवला की पॅनोरमा लाटेसारखा येतो, कारण कॅमेरा सरळ आहे पण फिरण्याचा आस तिरका. आस पुढे किंवा मागे २° कलला असेल तर पाव फेरीनंतर क्षितिज २° कलतं आणि अर्ध्या फेरीनंतर कॅमेरा ४° वर किंवा खाली बघतो. जोडताना ते सगळं कापून टाकावं लागतं. बेस घेतल्यावर आधी दोन स्क्रू एकमेकांच्या उलट दिशांना फिरवावेत, मग एकटा तिसरा. स्वस्त बेसमध्ये जड लेन्स लावली की स्क्रू हळूहळू घसरतात, म्हणून घट्ट केल्यावर मिनिटभराने बुडबुडा पुन्हा पाहावा.

जुन्या पोथ्या किंवा घरचे आल्बम वरून टिपायचे असतील तर पाणसळ मुळातच चुकीचं हत्यार आहे. कॅमेरा सरळ खाली बघतो तेव्हा इलेक्ट्रॉनिक लेव्हलला डावं-उजवं कलणं उमगत नाही. शिवाय इथे कॅमेरा टेबलाला समांतर हवा, आणि टेबल सपाट असेलच असं नाही. कागदाच्या जागी छोटा आरसा ठेवावा आणि त्यात दिसणाऱ्या आपल्याच लेन्सवर हाताने फोकस करावा. लेन्सचं प्रतिबिंब चौकटीच्या नेमक्या मध्यावर आलं की सेन्सर आरशाला समांतर झाला. ५० मिलिमीटरच्या लेन्सने, ६००० पिक्सेल रुंद फुलफ्रेम फोटोत, ०.१° चूक १४-१५ पिक्सेलची दिसते, आणि लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं दृश्य) मोठा केला की ती लपत नाही. आरसा साधा चालतो. फक्त पाठीच्या रंगाचे पोपडे आधी खरवडून काढावेत, नाहीतर तोच टेबलावर सपाट बसत नाही.