बचत वाढली, पण कर्जाचे काय?

लोकांना बचतीची सवय लावण्याची धडपड जुनी आहे. स्कॉटलंडमधील रथवेल गावात हेन्री डंकन या धर्मोपदेशकाने १८१० मध्ये गरिबांच्या तुटपुंज्या ठेवी स्वीकारणारी बँक काढली. १८६१ मध्ये ब्रिटनच्या पोस्टानेही बचत खाती सुरू केली. पुढे १९२४ मध्ये मिलानच्या परिषदेत जागतिक बचत दिन ठरला. या सगळ्यात यश मोजायचे ते पासबुकातल्या शिलकेवरून. तोच खातेदार दुसरीकडे उसनवारी करतो का, हे सहसा कोणी पाहत नसे. पाहायचे म्हटले तरी ठेव आणि कर्ज यांच्या नोंदी एकत्र कुठे होत्या?

अर्थशास्त्रालाही यात फारसे कोडे वाटत नव्हते. मोदिग्लियानी आणि ब्रुमबर्ग यांच्या १९५४ च्या मांडणीतला माणूस आयुष्यभराची मिळकत डोळ्यांपुढे ठेवून खर्च आखतो. मग २००२ मध्ये ग्रॉस आणि सूलेलेस यांनी अमेरिकी क्रेडिट कार्डधारकांचा अभ्यास करताना दाखवले, की खात्यात पैसे असूनही अनेक जण कार्डाचे महागडे व्याज भरत राहतात. पुस्तकातला माणूस असे करणार नाही, खरा करतो.

त्याच सुमारास निवृत्ती योजनांत नव्या कर्मचाऱ्याचे नाव आपोआप घालायचे आणि नको असेल त्याने बाहेर पडायचे, ही पद्धत रुळत होती. सहभाग झपाट्याने वाढतो, हे मॅड्रियन आणि शे यांनी २००१ मध्ये दाखवले होते. पण पगारातून कापलेले पैसे लोक कर्ज काढून भरून काढत असतील, तर हाती काय लागले? माझ्या मते बचत योजनांना विचारायचा खरा प्रश्न हाच, आणि तो फार उशिरा विचारला गेला.

डेन्मार्कच्या सरकारी नोंदींवरून चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये उत्तर दिले: आपोआप होणाऱ्या कपातीने एकूण बचत खरोखर वाढते, कारण बहुतेक लोक बाकीचे व्यवहार बदलतच नाहीत. बचतीवर दिलेल्या करसवलतीने मात्र मुख्यतः पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात. अमेरिकी लष्कराच्या नव्या नागरी कर्मचाऱ्यांना २०१० पासून निवृत्ती योजनेत असेच आपोआप सामावून घेतले गेले. या कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात कार्डासारखी कर्जे लक्षणीय वाढलेली दिसली नाहीत. घर आणि गाडीच्या कर्जांबाबत चित्र तितके स्वच्छ नाही.

मेक्सिकोत मेदिना आणि पागेल यांनी एका बँकेच्या सुमारे ३१ लाख ग्राहकांवर बचतीची आठवण देणाऱ्या एसएमएसचा प्रयोग केला. बचत वाढली, कार्डावरचे व्याजी कर्ज वाढले नाही. मात्र आधीपासून कार्डाचे व्याज भरणाऱ्यांनीही, ते कर्ज फेडायचे सोडून, बचतच वाढवली.