नदीच्या अलीकडे दहा, पलीकडे वीस

दक्षिण आफ्रिका आणि लेसोथो यांच्या मजुरीची तुलना करताना एक मोठी कटकट वाचते. चलनाचा हिशेब करावा लागत नाही. लेसोथोचं लोटी हे चलन (अनेकवचनी मालोटी) १९८० मध्ये आलं तेच रँडशी एकास एक बांधून, आणि राजधानी मासेरूच्या दुकानात आजही रँडची, म्हणजे दक्षिण आफ्रिकेची, नोट सरळ चालते. कामाचे तासही सारखेच. दक्षिण आफ्रिकेचा १९९७ चा कायदा आठवड्याला ४५ तास सांगतो, लेसोथोच्या १९९२ च्या कामगार संहितेतही ४५ च होते. फरक जादा कामात होता: दक्षिण आफ्रिकेत दीडपट दर, लेसोथोत सव्वापट.

आता २०१८ साल घ्या. त्या वर्षी मासेरूच्या कपडा कारखान्यांतले कामगार रस्त्यावर उतरले. मागणी महिना २,००० मालोटींची होती, आणि किमान वेतन २,०२० वर गेलं. एका फटक्यात सुमारे ६० टक्के वाढ. त्याच नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय किमान वेतनाच्या कायद्यावर सही झाली: १ जानेवारी २०१९ पासून ताशी २० रँड. (शेतमजुरांना १८, घरकामगारांना १५, कायद्यातही उतरंड असतेच.) ४५ तासांच्या हिशेबाने महिन्याचे १९५ तास धरले, तर दक्षिण आफ्रिकेत ३,९०० आणि लेसोथोत २,०२०. म्हणजे दोन देशांच्या सीमेवरच्या कॅलेडन नदीच्या लेसोथोकडच्या काठाला ताशी दहाच्या किंचित वर आणि पलीकडच्या काठाला वीस.

‘लेसोथो गरीब देश आहे, म्हणून मजुरी कमी’ असं म्हणून मोकळं होता येतं. पण तो गरीब कसा झाला, याची गोष्ट मजुरीचीच आहे.

१८७० च्या आसपास दक्षिण आफ्रिकेतल्या किम्बर्लीला हिऱ्यांच्या खाणी सुरू झाल्या, तेव्हा बासोथो (लेसोथोचे लोक) शेतकरी तिथे धान्य विकत होते. जमीन मात्र तोवर आखडली होती. शेजारच्या ऑरेंज फ्री स्टेट या राज्यातल्या बोअरांशी (डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांशी) झालेल्या लढायांत कॅलेडन नदीच्या (बासोथोंची मोहोकारे) पश्चिमेची सुपीक पट्टी गेली होती, आणि १८६८ मध्ये राजा मोश्वेश्वे पहिला याने उरलेला डोंगराळ मुलूख ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली दिला. वर प्रत्येक झोपडीवरचा कर रोख द्यायचा होता. पुढे रेल्वेने परदेशी स्वस्त गहू आला आणि धान्याचा बाजारही हातचा गेला. विकण्याजोगे उरले ते तरुण मुलांचे हात.

ते घ्यायला गिऱ्हाईक तयार होतं. १८८६ मध्ये आजच्या जोहान्सबर्गजवळ विटवॉटर्सरँडला सोनं सापडलं, पण ते खोल होतं आणि खडकात फार विरळ. सोन्याचा भाव जगभर ठरलेला, त्यामुळे खर्च वाढला म्हणून भाव वाढवायची सोय नव्हती. गोऱ्या कारागिरांची मजुरी दाबणं राजकीयदृष्ट्या अवघड. मग उरले काळे मजूर. ते मिळवताना खाणींनी एकमेकींवर चढाओढीने बोली लावू नये, म्हणून मालकांनी भरतीच एकत्र केली: १९०० मध्ये एक संस्था, १९१२ मध्ये दुसरी. त्यांच्या करारातलं एक कलम मला सगळ्या इतिहासात सर्वात बोलकं वाटतं. किमान वेतन हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. इथे कमाल सरासरी ठरवलेली होती. काळ्या मजुरांची सरासरी मजुरी त्या रेषेवर गेली, तर खाणीला दंड.

तासांचं काय? तास मोजलेच जात नव्हते, इंच मोजले जात. हातोडा-छिन्नीने खडकात सुरुंगाचं भोक पाडायचं, आणि पाळी संपताना ते ठरलेल्या खोलीचं भरलं पाहिजे, साधारण तीस-छत्तीस इंच. कमी भरलं तर मिळायचं ‘लोफर तिकीट’. म्हणजे माणूस दिवसभर पाताळात घाम गाळून वर आला तरी त्याचा खाडा. पैसे नाहीत, आणि करार पाळ्यांवर मोजला जात असल्यामुळे ती पाळी करारातही धरायची नाही. घरी परतायचा दिवस आणखी एकाने लांबला.

या कमी मजुरीचं समर्थनही ठरलेलं होतं: मजूर एकटा कंपाउंडात, म्हणजे खाणीच्या बंदिस्त वसाहतीत, राहतो, त्याची बायकापोरं गावच्या शेतीवर जगतात, मग घरखर्चाइतकी मजुरी कशाला? खाणमजुरीची चौकशी करणाऱ्या १९४३ च्या लॅन्सडाउन आयोगापुढेही मालक हेच सांगत होते. आयोगाने गावची शेती कुटुंब पोसते हा समजच खोटा ठरवला, पण सुचवलेली वाढही खाणींनी पुरती दिली नाही. ऑगस्ट १९४६ मध्ये साठ हजारांहून अधिक खाणकामगार दिवसाला १० शिलिंगांसाठी संपावर गेले. आठवड्याच्या आत पोलिसांनी संप मोडला. अधिकृत आकड्यानुसार नऊ जण मारले गेले. महागाई वजा करून पाहिलं, तर काळ्या खाणकामगाराची रोख मजुरी १९६९ मध्ये १९११ पेक्षा जास्त नव्हती, असा अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस विल्सन यांचा हिशेब आहे. अठ्ठावन्न वर्षं!

मग १९७० च्या दशकात मजुरी भराभर वाढली. सोन्याचा बांधलेला भाव सुटला. १९७४ मध्ये मलावीच्या खाणकामगारांना नेणारं विमान कोसळून ७० हून अधिक माणसं गेली आणि मलावीने भरती थांबवली. पुढच्या वर्षी मोझांबिक स्वतंत्र झाला. बाहेरची माणसं कधीही बंद होऊ शकतात, हे खाणींच्या ध्यानात आलं. त्यातच १९७३ च्या दर्बानच्या संपांनी कारखानदार हादरले होते.

लेसोथो १९६६ पासून स्वतंत्र होता, पण त्याच्या लाखाहून अधिक पुरुषांचं कामाचं ठिकाण परदेशात होतं. सरकारने १९७४ मध्ये कायदा करून खाणकामगाराच्या मजुरीतले ६० टक्के परस्पर लेसोथोच्या बँकेत जमा करायला लावले. ते हातात पडायचे करार संपवून घरी आल्यावर. १९९० च्या दशकात सोन्याच्या खाणी आटल्या आणि हे पुरुष हजारोंनी घरी आले. अनेकांच्या छातीत खाणीची धूळ होती. त्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगाच्या भरपाईचा सामूहिक दावा मिटायला २०१८ उजाडलं.

पुरुष परतले आणि बायका कामाला निघाल्या. तैवानी मालकांचे कपडा कारखाने लेसोथोत १९८० च्या दशकातच आले होते, काही तर दक्षिण आफ्रिकेवरच्या निर्बंधांना वळसा घालायला. २००० मध्ये अमेरिकेने आफ्रिकी मालाला करमुक्त दार उघडलं आणि २००४ पर्यंत इथे पन्नास हजारांहून जास्त लोक शिवणयंत्रांवर बसले, बहुतेक बायका. याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतले कपडेवालेही नदी ओलांडू लागले. १९१० पासूनच्या सीमाशुल्क संघामुळे माल परत नेताना जकात नाही. अर्ध्या मजुरीत शिवलेला शर्ट ट्रकमध्ये चढतो आणि जोहान्सबर्गच्या दुकानात ‘बाहेरचा’ ठरत नाही. माणसाला पूल ओलांडायला परवाना लागतो, शर्टाला लागत नाही.

याचा कडेलोट २०१० मध्ये न्यूकॅसलला दिसला. क्वाझुलु-नाताळमधलं हे गाव. तिथले चिनी मालकांचे कारखाने ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी पगार देत होते, म्हणून त्यांना टाळं लावायला अधिकारी आले. त्यांना विरोध केला तो आतल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनीच. कमी पगार त्यांना ठाऊक होता, आणि कारखाना इथून उठला तर कुठे जाईल, हेही.