मेट्रॉइड प्राइम : नियंत्रणपद्धतीचा वाद

मेट्रॉइड प्राइम हा फर्स्ट पर्सन, म्हणजे पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा, व्हिडिओ गेम अमेरिकेतील ऑस्टिन (टेक्सस) येथील रेट्रो स्टुडिओजने घडवला आणि निन्टेन्डोने नोव्हेंबर २००२ मध्ये गेमक्यूब या कन्सोलसाठी बाजारात आणला. समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याचे सरासरी गुण १०० पैकी ९७ आहेत. एवढे कौतुक वाट्याला येऊनही एका प्रश्नावर खेळाडूंमध्ये पहिल्यापासून दोन तट पडले, ते आजही आहेत. नायिका सॅमस अरान हिला चालवायचे कसे आणि तिच्या हातातल्या तोफेचा नेम धरायचा कसा, हा तो प्रश्न.

गेमक्यूबच्या कंट्रोलरवर दोन स्टिक होत्या. डाव्या अंगठ्याखाली मोठी राखाडी आणि उजव्या अंगठ्याखाली छोटी पिवळी. मेट्रॉइड प्राइममध्ये चालणे आणि वळणे ही दोन्ही कामे डाव्या स्टिकवरच होती. ती पुढे ढकलली की सॅमस पुढे जाई आणि बाजूला ढकलली की जागच्या जागी वळे. वर-खाली पाहायचे तर आर बटण दाबून धरावे लागे. तेवढा वेळ तिचे पाय थांबत आणि तीच स्टिक मान हलवण्याच्या कामी येई. एल बटण दाबले की समोरच्या शत्रूवर नजर खिळे. यालाच लॉक-ऑन म्हणतात. नजर खिळल्यावर डावी स्टिक शत्रूभोवती गोल फिरण्यासाठी वापरता येई, बी बटणाने झटकन बाजूला उडी मारता येई आणि ए बटणाने झाडलेली गोळी आपोआप त्याच्या दिशेने जाई. समोर कोणी नसताना एल धरले तर सॅमस न वळता बाजूला सरके. पिवळ्या स्टिकचा नजरेशी काहीच संबंध नव्हता. तिच्या चार दिशांवर चार प्रकारचे किरण ठेवले होते, ती ढकलली की हत्यार बदले.

आक्षेप घेणाऱ्यांचे बोट नेमके या पिवळ्या स्टिकवर होते. वर्षभर आधी, नोव्हेंबर २००१ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या कन्सोलवर हेलो हा फर्स्ट पर्सन नेमबाजीचा गेम आला होता. एका स्टिकने चालायचे आणि दुसरीने पाहायचे ही रीत त्याने घरोघरी नेली. ती पद्धत नवी नव्हती. १९९७ च्या गोल्डनआय ००७ मध्ये दोन कंट्रोलर दोन हातांत धरून तसे खेळता येत असे. २००० साली प्लेस्टेशनवर आलेल्या एलियन रिझरेक्शनमध्येही डावीकडे चाल आणि उजवीकडे नजर अशीच विभागणी होती, आणि त्या वेळी ती अवघड म्हणून तिच्यावर टीका झाली होती. दोनच वर्षांत वारे फिरले. हेलोवर हात बसलेल्या खेळाडूने मेट्रॉइड प्राइम हातात घेतला की उजवा अंगठा सवयीने पिवळ्या स्टिककडे जाई आणि मान वळण्याऐवजी हत्यार बदले. छतावरचा शत्रू पाहायला थांबावे लागते, पळता पळता मागे पाहता येत नाही, ही तक्रार तेव्हापासून ऐकू येते. तक्रार खरी आहे. आर बटण धरल्यावर पाय थांबणे हा या मांडणीतला सर्वांत कमकुवत दुवा आहे आणि मूळ पद्धतीचे कट्टर समर्थकही त्या बाबतीत फारसा बचाव करत नाहीत.

समर्थकांची बाजू समजण्यासाठी गेमची जडणघडण पाहावी लागते. मेट्रॉइडचे १९८६ आणि १९९४ चे गाजलेले भाग बाजूने दिसणारे द्विमितीय गेम होते. त्यांचा जीव गोळीबारात नव्हता. बंद दारे, वाटा लक्षात ठेवणे, नवे सामर्थ्य मिळाल्यावर जुन्या जागी परतणे, यात खरा रस होता. रेट्रोने त्रिमितीय आवृत्तीचे काम सुरू केले तेव्हा ती सॅमसच्या पाठीमागून दिसणारी होती. निन्टेन्डोचे शिगेरू मियामोतो यांच्या आग्रहावरून दृश्य सॅमसच्या डोळ्यांतून दाखवायचे ठरले. निन्टेन्डोने या गेमची ओळखही नेमबाजीचा खेळ म्हणून न देता ‘फर्स्ट पर्सन ॲडव्हेंचर’ अशी करून दिली. एखाद्या वस्तूवर किंवा शत्रूवर नजर खिळवण्याची कल्पना निन्टेन्डोनेच १९९८ च्या द लेजेंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइममध्ये रुजवली होती. ती तलवारीच्या खेळातली सोय इथे बंदुकीच्या खेळात आणली.

त्याचे परिणाम खोलवर गेले. नेम साधण्याचे ओझे उतरल्यावर खेळाडूचे लक्ष जागेकडे वळते : कुठे उभे राहायचे, कधी उडी मारायची, कोणता किरण लागू पडेल, हल्ला कोणत्या बाजूने येतो आहे. अनेक शत्रूंची रचनाच या गृहीतकावर झाली आहे. त्यांना टिपण्यात अडचण नसते, त्यांची कवचे फोडण्यात आणि त्यांच्या चाली ओळखण्यात असते. टॅलन फोर या ग्रहावरच्या भिंतींवरचे लेख आणि मेलेल्या प्राण्यांचे अवशेष स्कॅन व्हायझरने, म्हणजे वस्तूची माहिती दाखवणाऱ्या हेल्मेटच्या काचेने, वाचत जाणे हा गेमचा निम्मा आनंद आहे, आणि त्यासाठीही हेच एल बटण लागते. एकच बटण शत्रूवर नजर खिळवते आणि भिंतीवरचा लेखही वाचते. या मांडणीतला हा सर्वांत सुंदर विचार आहे आणि वादाच्या धुरळ्यात त्याची दखल फार कमी घेतली जाते. स्क्रीनवरची मान सतत गरगरत नसल्याने फर्स्ट पर्सन गेममध्ये ज्यांना मळमळते, किंवा ज्यांच्या हातांना बारीक हालचाली जड जातात, अशांनाही ही पद्धत सोपी जाते.

लॉक-ऑनवर सर्वांत जास्त प्रेम करणारे लोक मात्र वेगळेच निघाले. कमीत कमी वेळात गेम संपवणाऱ्या स्पीडरनर मंडळींनी शोधून काढले की स्कॅन व्हायझर लावून एखाद्या वस्तूवर नजर खिळवायची आणि बाजूला उडी मारताना ती सोडायची, की सॅमस अपेक्षेपेक्षा कितीतरी लांब फेकली जाते. ‘स्कॅन डॅश’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या युक्तीमुळे ग्रहावर उतरल्याबरोबर हवेत दुसरी उडी मारू देणारे स्पेस जंप बूट मिळवता येतात. एरवी ते खूप पुढे मिळतात. नंतरच्या काही आवृत्त्यांमध्ये ही फट बुजवली गेली. जी पद्धत अवजड म्हणून नाकारली गेली, तिच्यावरच इतके बारीक हस्तकौशल्य उभे राहिले, हे तिच्या टीकाकारांनीही नीट पाहण्यासारखे आहे.

पुढच्या भागांत निन्टेन्डोने वेगवेगळी उत्तरे शोधली. २००४ चा दुसरा भाग जुन्याच वाटेने गेला. २००६ च्या मेट्रॉइड प्राइम हंटर्समध्ये निन्टेन्डो डीएसच्या टचस्क्रीनवर स्टायलसने नेम धरायचा होता. नेम अचूक लागे, पण एका हातात कन्सोल आणि दुसऱ्यात लेखणी धरून बराच वेळ खेळले की बोटे आखडत. २००७ मध्ये वी कन्सोलवर तिसरा भाग, करप्शन, आला. त्यात रिमोट सरळ टीव्हीकडे रोखायचा होता. लॉक-ऑन त्यातही होते, पण नजर खिळवूनही नेम स्वतः धरण्याचा पर्याय मिळाला. २००९ च्या मेट्रॉइड प्राइम ट्रिलॉजीत पहिले दोन भागही या पद्धतीत आणले गेले. तेव्हा वादाला नवे तोंड फुटले. बऱ्याच जणांना हाच गेमचा आदर्श अवतार वाटला. इतर म्हणू लागले की रिमोटने जुने शत्रू फारच सहज टिपले जातात आणि हत्यार बदलण्यासाठी बटण धरून स्क्रीनवर रोखण्यापेक्षा पिवळ्या स्टिकचा एक धक्का चपळ होता. दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत. नियंत्रण बदलले की शत्रूचे बळही बदलते. जुन्या खोल्या आणि जुने शत्रू तसेच ठेवून फक्त हात बदलता येत नाही.

८ फेब्रुवारी २०२३ रोजी निन्टेन्डो स्विचवर मेट्रॉइड प्राइम रीमास्टर्ड आला. त्यात चार पद्धती दिल्या आहेत : दोन स्टिकची आधुनिक मांडणी, गेमक्यूबच्या धर्तीची जुनी मांडणी, रोखून खेळायची पॉइंटर मांडणी आणि जुन्या चालीला कंट्रोलर कलवून नेम धरण्याची जोड देणारी मिश्र मांडणी. नव्या खेळाडूने दोन स्टिकपासून सुरुवात करावी यात गैर काही नाही. परंतु हा गेम असा का रचला गेला हे समजून घ्यायचे असेल तर काही तास तरी जुनी मांडणी लावून खेळावे. तासाभरात अंगठा रुळतो आणि लढाईची लय उलगडू लागते.

मराठी खेळाडूंपैकी अनेकांचा या प्रकाराशी परिचय कन्सोलवर झालेला नाही. कीबोर्ड-माउस धरून सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळलेली एक पिढी आहे आणि मोबाइलच्या काचेवर दोन अंगठ्यांनी खेळणारी दुसरी. माउसवर वाढलेल्याला एकाच स्टिकने वळणे संथ वाटणे साहजिक आहे. मोबाइलवर जायरो चालू ठेवून, म्हणजे फोन कलवून, नेम धरणाऱ्याला मात्र मिश्र मांडणी ओळखीची वाटेल. ‘जायरो हवे की नको’ ही मोबाइलवर खेळणाऱ्यांमधली जुंपाजुंपी याच वादाचे भावंड आहे.

चौथा भाग, मेट्रॉइड प्राइम ४ : बियाँड, ४ डिसेंबर २०२५ रोजी आला. स्विच २ वर त्याचा कंट्रोलर टेबलावर आडव्या बाजूने टेकवून माउससारखा सरकवता येतो. इतकी मोकळीक देऊनही लॉक-ऑनचे बटण तिथे कायम ठेवले आहे.