कोळशाचा वापर व कार्बन उत्सर्जन : बेळगाव सीमाभाग

देशातील कोळशाचा वाढता वापर, त्यातून हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड आणि या दोन्हींचा बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्याशी असलेला संबंध हा या नोंदीचा विषय. कर्नाटकात कोळशाची खाण नाही. तरी सीमाभागातल्या विजेच्या तारेत, ओतकामाच्या भट्टीत आणि लोंढा जंक्शनवरून जाणाऱ्या मालगाडीत कोळसा आहेच.

१९७०च्या दशकाच्या आरंभी खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशाचे वार्षिक उत्पादन ८ कोटी टनांच्या आत होते; २०२४-२५ मध्ये ते १०४ कोटी टनांवर गेले. भारताच्या वार्षिक सुमारे ३ अब्ज टन उत्सर्जनात कोळशाचा वाटा दोन-तृतीयांशाच्या घरात आहे. माणशी उत्सर्जन मात्र जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी २०२५ मध्ये बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली, पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून सुमारे ७० टक्के कोळशाचीच आहे. क्षमतेचे आकडे वाचताना इथेच फसगत होते : सौर पॅनेल दिवसा चालते, बॉयलर अहोरात्र.

सीमाभागात वीज प्रामुख्याने हेस्कॉम (हुबळीची सरकारी वीजपुरवठा कंपनी) पुरवते. जुनी माणसे अजून तिला ‘केईबी’च (पूर्वीचे कर्नाटक वीज मंडळ) म्हणतात. राज्याचा औष्णिक भार रायचूर, बळ्ळारी, यरमरस आणि विजयपूर जिल्ह्यातील कुडगी (२४०० मेगावॅट) या केंद्रांवर आहे. चिकोडी, रायबाग, अथणीवरून वाहत गेलेली कृष्णा आलमट्टीला अडते आणि तिथले पाणी कुडगीला जाते. कर्नाटकच्या वीज महामंडळाला मिळालेल्या बरांज कोळसा खाणी तर चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. सीमेचा वाद काहीही असो, ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वीजवाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी एक झाले. पावसाळ्यात शरावतीचे पाणी आणि सौंदत्ती परिसरातल्या पवनचक्क्या साथ देतात, तेव्हा औष्णिक संच थंडावतात. २०२३ च्या दुष्काळात धरणे रिकामी आणि शेतीपंप चालू अशी गाठ पडली, तेव्हा सगळा बोजा पुन्हा कोळशावर आला.

या भागातले सर्वांत बोलके उदाहरण बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे येथील फौंड्र्यांचे, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांचे. जुन्या कुपोला भट्टीत वरच्या दारातून कोक (भाजून घेतलेला कोळसा), बीड (ओतीव लोखंड) आणि चुनखडी थरांनी भरतात व खालून हवा मारतात. एक टन बीड वितळवायला साधारण १२० ते १५० किलो कोक लागतो, म्हणजे सुमारे ४०० किलो कार्बन डायऑक्साइड. पुष्कळ कारखान्यांनी आता विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्या बसवल्या. धूर गेला, शेजारच्या घरांच्या गच्चीवर काजळी बसेनाशी झाली, कामगाराची छाती वाचली. हा लाभ खराच. पण एका टनाला ६०० युनिट वीज जाते आणि देशाच्या जाळ्यात एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन धरले जाते. हिशेब पुन्हा ४०० किलोंच्या आसपासच येतो. चिमणी उद्यमबागेतून उठून रायचूर-कुडगीला गेली, एवढेच. तिथे जळणाऱ्या देशी कोळशात राखच ३० ते ४० टक्के असते, त्यामुळे तेवढ्याच उष्णतेसाठी जास्त माल वाहावा लागतो. भट्टी भर दुपारी चालली तर सौर विजेमुळे आकडा खाली येतो. रात्रपाळीत येत नाही.

साखर कारखान्यांची गोष्ट वेगळी. गळीत हंगामात बगॅस (उसाचा चोथा) जाळून वीज होते. तो कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असल्याने उत्सर्जनाच्या हिशेबात धरत नाहीत. हंगाम संपल्यावर कारखान्यांचे काही सहवीज प्रकल्प कोळशावर चालतात, हे मात्र कमी सांगितले जाते.

मुरगाव बंदरात उतरलेला कोळसा लोंढा, हुबळीमार्गे बळ्ळारी जिल्ह्यातील तोरणगल्लूच्या पोलाद कारखान्याकडे जातो. हा मार्ग दुपदरी करण्याला गोव्यात मोठा विरोध झाला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिनईघाट–कॅसलरॉक–कुळे टप्प्याला वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी रद्द केली. या मार्गाने येणाऱ्या कोळशातला मोठा भाग कोकिंग कोळशाचा, म्हणजे ज्यापासून कोक बनतो त्या कोळशाचा असतो. लोखंड गाळणाऱ्या झोतभट्टीत त्याचे काम केवळ उष्णता देण्याचे नसून लोहखनिजातला ऑक्सिजन काढून घेण्याचेही असते, म्हणून वीज पूर्ण सौर झाली तरी त्याची मागणी घटत नाही.