पाठीमागे पडणारं पाणी

कोकणातल्या कुठल्याही जेट्टीवर लाँच सुटताना एक गोष्ट हमखास बघायला मिळते. इंजिन सुरू होतं, पायाखालच्या फळ्या थरथरतात, उतारू जागा धरायच्या गडबडीत असतात. तेवढ्यात एक खलाशी मागच्या कठड्यावरून वाकून खाली नजर टाकतो. दोन-तीन सेकंदच. मग तो हात वर करतो आणि दोर सुटतो.

तो बघतो एक्झॉस्टच्या पाइपातून धुराबरोबर पाणी पडतंय का. इंजिनाची तब्येत सांगणारी यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची खूण नाही, असं माझं मत आहे.

डिझेल जळून जी ऊर्जा मिळते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग बोट ढकलणारा पाण्यातला पंखा फिरवायला लागतो. साधारण तेवढीच उष्णता धुरावाटे जाते आणि जवळपास तेवढीच इंजिनाच्या धातूत शिरते. ही धातूतली उष्णता बाहेर काढली नाही तर पिस्टन जाम होतो. ट्रकला पुढून वारा लागतो. बोटीचं इंजिन मात्र खणात, फळ्यांखाली बंद असतं. तिथे वारा नाही, पण बाहेर अख्खा समुद्र आहे, आणि तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे साडेतीन हजार पट उष्णता पोटात घेतं. १०० अश्वशक्तीच्या इंजिनाचा हिशोब मांडून पाहा. समुद्राचं पाणी आत येऊन १५ अंशांनी तापून बाहेर पडतंय असं धरलं, तर मिनिटाला सुमारे ७० लिटर पाणी लागतं. पाठीमागे जे पडतं ते हेच.

पण समुद्र हे काम फुकट करत नाही. खाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. चहा जितका गरम तितकी साखर लवकर विरघळते, हे आपल्याला माहीत आहे. कॅल्शियमच्या काही क्षारांचं नेमकं उलटं असतं. पाणी तापलं की ते विरघळलेले राहत नाहीत, भिंतीला धरतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गिझरची कॉइल उघडून पाहिली असेल, तर तो पांढरा टणक थर डोळ्यांसमोर येईल. हा थर उष्णता अडवतो, म्हणजे धातू आणखी तापतो आणि थर आणखी वाढतो. म्हणून खारं पाणी थेट इंजिनात फिरवायचं असेल तर तापमान ६० अंशांच्या आसपासच ठेवावं लागतं. आजच्या बहुतेक इंजिनांत त्यासाठी दोन वाटा केलेल्या असतात. आत कूलंट घातलेलं गोडं पाणी फिरतं, ते ८० अंशांच्या घरात राहतं, आणि त्याची उष्णता हीट एक्स्चेंजरमध्ये खाऱ्या पाण्याच्या हवाली होते. नळ्यांच्या आतून खारं, बाहेरून गोडं. दोघांची भेट होत नाही, फक्त उष्णता इकडून तिकडे जाते.

खाऱ्या पाण्याचा प्रवास बोटीच्या तळाच्या व्हॉल्व्हपासून सुरू होतो, मग येते गाळणी. गाळणीत काय सापडतं? शेवाळ, बार्नेकलची (बोटीच्या तळाला चिकटणाऱ्या कवचवाल्या जीवांची) पिल्लं, कधी जेलीफिशचा लगदा, आणि खाडीच्या तोंडाशी हटकून प्लास्टिक. दुधाच्या पिशवीचा एक तुकडा पुरतो. गाळणी रोज उघडून बघायची, एवढंच.

त्यापुढे पंप, आणि पंपात इंपेलर. माझ्या मते सगळ्या यंत्रणेतला सर्वांत नाजूक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच. रबराची, फुलासारखी पाकळ्या असलेली चकती. पंपाचं घर एका बाजूला मुद्दाम अरुंद केलेलं असतं. पाकळ्या तिथून जाताना दुमडतात, पुढे आल्या की उलगडतात. उलगडताना पाणी आत ओढलं जातं, दुमडताना बाहेर ढकललं जातं. या घासाघाशीत पाकळ्यांना वंगण मिळतं ते त्याच पाण्याचं. तळाचा व्हॉल्व्ह उघडायला विसरलात आणि इंजिन चालू केलंत, तर मिनिटाच्या आत रबर तापून फाटू शकतं.

एका मेकॅनिकला इंपेलर बदलताना मी जवळून पाहिलंय. जुना इंपेलर त्याने वर्तमानपत्रावर ठेवला, तीन पाकळ्या बुडातून तुटलेल्या. नवीन बसवायच्या आधी तो तुकडे शोधायला लागला. दोन पंपातच निघाले. तिसरा नव्हता. त्याने हीट एक्स्चेंजरचं झाकण खोललं, बॅटरी मारली, आणि नळ्यांच्या तोंडावर काळा तुकडा चिकटलेला दिसला. तिथे त्याच्याही आधीच्या कुणा इंपेलरचे आणखी दोन तुकडे अडकून बसले होते. याआधी ज्याने इंपेलर बदलला, त्याने तुकडे मोजलेच नव्हते. इंजिन एवढे दिवस थोडं गरम का चालत होतं, ते त्या झाकणाखाली कळलं.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत इंपेलर पंपात तसाच ठेवला तर दाबलेल्या पाकळ्यांना कायमचा बाक येतो. तो काढून ठेवावा, यंत्रणेतून गोडं पाणी फिरवावं. पुन्हा बसवताना साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावावं, साधं ग्रीस रबराला मानवत नाही.

हीट एक्स्चेंजरमध्ये एक जस्ताची कांडी असते. तांबं, पितळ, लोखंड खाऱ्या पाण्यात एकत्र आले की बॅटरी तयार होते आणि त्यातला एक धातू झिजायला लागतो. जस्त स्वतः आधी झिजतं आणि बाकीच्यांना वाचवतं. ही युक्ती इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या जहाजांसाठी सुचवली. जहाजांच्या तळाला तांब्याचा पत्रा असे, तो वाचवायला त्याने जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. तांबं खरंच वाचलं. पण तांबं विरघळेना, म्हणून तळावर शिंपले आणि शेवाळ माजलं, जहाजं मंदावली आणि आरमाराने तो प्रयोग सोडून दिला. इंजिनात मात्र डेव्हीचीच युक्ती आजही चालते. कांडी निम्मी झाली की बदलायची. तिला रंग किंवा टेप लावायचा नाही, कारण धातूला धातू टेकला नाही तर वीज वाहणार कशी?

आता एक्झॉस्ट. भाराखाली धूर इंजिनातून ४००-५०० अंशांना निघतो. तो पुढे रबरी होजमधून, म्हणजे जाड नळीतून, न्यायचा असतो. म्हणून मिक्सिंग एल्बो नावाच्या कोपरात, काम झालेलं खारं पाणी त्या धुरात सोडतात. धूर एकदम थंड होतो, आकसतो, आवाजही मरतो. आणि याच कोपरात सगळी दुश्मनं एकत्र येतात: उष्णता, मीठ, काजळी आणि डिझेलमधल्या गंधकापासून होणारं आम्ल. एप्रिल २०२० पासून भारतात बीएस-६ डिझेलमध्ये गंधक दशलक्ष भागांत १० वर आलंय, त्यामुळे आम्ल कमी झालं. मीठ आणि काजळी आहेत तेवढीच. आतला मार्ग चुलीच्या धुराड्यासारखा भरत जातो, धुराला वाट मिळत नाही, इंजिन काळं ओकतं आणि ओढ कमी होते. बाहेरून रंग शाबूत, आत भिंत कागदासारखी. ती फुटली की पाणी उलट सिलेंडरकडे जातं. म्हणून सुट्टीच्या दिवसांत एल्बो खोलून आत बोट घालून बघणं, हे एक काम कुणी टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

पाणी सिलेंडरमध्ये शिरण्याची आणखी एक वाट म्हणजे आपला हट्ट. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर मारतच राहिलात, तर प्रत्येक फेऱ्यात पंप पाणी सोडत राहतो आणि ते बाहेर ढकलायला धूरच नसतो. सायलेन्सर भरतो, पाणी मागे येतं. हवेसारखं पाणी दाबलं जात नाही, म्हणून पिस्टनला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. दोन-तीन प्रयत्नांत सुरू झालं नाही तर तळाचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि इंजिन धरल्याबरोबर उघडा.

आणखी एक सांगायलाच हवं. खारं पाणी अचानक थांबलं, तर तापमानाची सुई बऱ्याचदा उशिरा हलते, कारण ती गोड्या पाण्याचं तापमान दाखवते. रबरी होज त्याआधीच भाजायला लागलेला असतो. आवाज कोरडा आणि मोठा होतो, जळक्या रबराचा वास येतो. होजला चीर पडली तर कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो आणि त्याला वास नसतो. पावसासाठी ताडपत्री चारी बाजूंनी बांधली असेल, तर हा धोका आणखी वाढतो.

एका बंदरावर एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, इंजिनाच्या खणातल्या फळीवर खडूने आकडे लिहिलेले मी पाहिले. हंगामाच्या पहिल्या दिवशी, इंजिन मंद गतीवर ठेवून, एक्झॉस्टखाली १५ लिटरची बादली धरायची आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजायचं. तीन वर्षांचे आकडे एकाखाली एक होते: ३८, ३९, ५१. एक्कावन्नच्या खाली रेघ मारलेली होती, आणि पंपाचं झाकण शेजारी उघडं पडलं होतं.