गाळाने घडवलेले नांदूर मध्यमेश्वर

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज राजवटीत नांदूर मध्यमेश्वरचा जो बंधारा बांधला गेला, तो केवळ कालव्यांनी शेतीला पाणी देण्यासाठी होता. बंधाऱ्यामागे प्रवाह मंदावला की काळ्या रानातून वाहून आलेली बारीक माती तळाशी बसते. दर पावसाळ्यात असे थर चढत गेले, साठवण घटली, ठिकठिकाणी बेटे वर आली आणि त्यांवर पाणकणीस व लव्हाळी रुजली. पाटबंधाऱ्यांच्या हिशेबातले हे नुकसान पक्ष्यांच्या मात्र पथ्यावर पडले.

पाणथळीत सारा खेळ खोलीचा असतो. शेकाट्या या पाणपक्ष्याचे पाय कितीही लांब असले, तरी पाणी पोटाला लागले की त्याचे चरणे संपते. तलवार बदक शेपूट वर आणि डोके खाली करून तळ धुंडाळते, त्यामुळे त्याची मान पोहोचेल तेवढेच पाणी त्याच्या उपयोगाचे. थापट्या बदक चोचीच्या कडेच्या दाट झालरीतून पाणी गाळून सूक्ष्म जीव टिपते. वारकरी हा पक्षी मात्र बुडी मारून पाणवनस्पती वर आणतो. त्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा पाहिला की हे नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. या सर्वांना एकाच जलाशयात जागा मिळते, ती गाळाने तळ उंचसखल केल्यामुळे.

१९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले आणि जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची घोषणा झाली. अभयारण्याची हद्द नदीला मात्र अडवत नाही. वरच्या बाजूच्या नाशिक शहराचे सांडपाणी आणि शेतांतली खते यांवर जलपर्णी पोसते, तिच्या दाट थराखाली उजेड पोहोचत नाही, बुडालेल्या वनस्पती मरतात आणि त्या कुजताना पाण्यातला प्राणवायू घटतो. पाण्याची पातळीही गंगापूर, दारणा या धरणांतून सुटणाऱ्या आवर्तनांवर हलते.

गाळ काढण्याची मागणी रास्त आहे, कारण तो असाच साचत राहिला तर उथळ पाण्याचीही कोरडी जमीन होईल. पण सरसकट उपसा केला तर साठवण वाढेल आणि शेकाट्याला उभे राहायला जागा उरणार नाही. म्हणून खोल पात्रातला गाळ काढून किनाऱ्याचा उथळ पट्टा राखणे आणि हे काम हिवाळी पाहुणे परतल्यावर, पावसाळ्यापूर्वी उरकणे, हाच मार्ग मला शहाणपणाचा वाटतो.